पासपोर्ट आणि पाठ टाचण

दक्षिण कोरियात परदेशी माणसाला इंग्रजी शिकवायचं असेल तर ई-२ नावाचा व्हिसा लागतो. अटी तशा सरळ आहेत. पदवी हवी, गुन्हा नोंद नसल्याचा दाखला हवा, वैद्यकीय तपासणी हवी. आणि पासपोर्ट सात देशांपैकी एकाचा हवा: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड किंवा दक्षिण आफ्रिका. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा त्यांचे हे देश, असं त्यामागचं गृहीतक.

या यादीतल्या शेवटच्या नावापाशी थोडं थांबायला हवं. २०११ च्या दक्षिण आफ्रिकी जनगणनेत इंग्रजी ही आपली पहिली भाषा असल्याचं सांगणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. घरात झुलू, खोसा किंवा आफ्रिकान्स बोलणारा, शाळेत इंग्रजी शिकलेला तिथला पदवीधर या नियमाला चालतो, आणि त्यात काही गैर नाही. पण त्याच वर्षीच्या भारतीय जनगणनेत सुमारे २ लाख ६० हजार लोकांनी आपली मातृभाषा इंग्रजी असल्याचं नोंदवलं होतं आणि त्यांत सर्वांत जास्त महाराष्ट्रातले होते. वांद्र्याच्या एखाद्या घरात तीन पिढ्या इंग्रजीच बोलली जात असेल, तरी तिथल्या मुलीला या यादीनुसार ई-२ मिळत नाही. ही यादी पासपोर्टची आहे. भाषेचा तिच्याशी संबंध दूरचा आहे.

शिक्षकांच्या प्रशिक्षण शिबिरांतून फिरताना मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: सर, बाहेर इंग्रजी शिकवायला जायचं तर नेमकं काय लागतं? विचारणारे बहुतेक मराठी माध्यमातून आलेले, एमए-बीएड झालेले, कुठे विनाअनुदानित तुकडीवर तर कुठे तासिका तत्त्वावर राबणारे असतात. इतर व्यवसायांत ‘काय लागतं’ या प्रश्नाला एक उत्तर असतं. इथे देशागणिक उत्तर बदलतं, आणि प्रत्येक देशाच्या नियमात त्या देशाची चांगल्या शिक्षकाबद्दलची समजूत दडलेली असते. म्हणून हे नियम नीट वाचायला हवेत.

कोरियाच्या नियमात भारतीयांसाठी एक फट आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. भारत आणि कोरिया यांच्यातला सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. जकात, गुंतवणूक, व्यापार यांच्या कलमांच्या गर्दीत इंग्रजीच्या सहायक शिक्षकांचाही त्यात उल्लेख आहे. पदवी आणि इंग्रजी विषय शिकवण्याची रीतसर पात्रता असलेला भारतीय तिथल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत सहायक शिक्षक म्हणून काम करू शकतो. म्हणजे अमेरिकन तरुणाला व्हिसापुरती कुठल्याही विषयाची पदवी पुरते, आपल्याला वर अध्यापनाची पदवी लागते. शिवाय हागवॉन नावाचे जे खासगी शिकवणीवर्ग तिथे गल्लोगल्ली आहेत, तिथे ही सवलत चालत नाही. फट अरुंद आहे, पण बीएड झालेल्या माणसाच्या मापाची आहे.

जपानची गोष्ट वेगळी, आणि मराठी माणसाला जास्त लागणारी.

जपानमध्ये शाळेत शिकवणाऱ्या परदेशी व्यक्तीला ‘शिक्षक’ या प्रवर्गातला निवास परवाना लागतो. परकी भाषा शिकवायची असेल तर त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं, असं तिथल्या निकषांत लिहिलेलं आहे. देशांची यादी नाही. वरवर पाहता हा नियम कोरियापेक्षा कितीतरी न्याय्य वाटतो. भारतीय असा, फिलिपिनो असा, केनियन असा, बारा वर्षं इंग्रजीतून शिकलात ना, मग या.

कराडच्या पुढे एका गावातल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एका मॅडमबरोबर बसून मी हा हिशोब मांडला होता. मधल्या सुट्टीची वेळ. शिक्षक खोलीत हजेरीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या कागदावर त्यांनी स्वतःच आकडे लिहायला घेतले. पहिली ते दहावी मराठी माध्यम, म्हणजे शून्य. इंग्रजी हा विषय पाचवीपासून, कारण मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली, आणि त्या तोवर पुढच्या वर्गात गेल्या होत्या. अकरावी-बारावी कला शाखा, तीही मराठीतून. बीएला इंग्रजी विशेष विषय, पण इतिहास आणि राज्यशास्त्राचे पेपर मराठीत. एमएची दोन वर्षं पूर्ण इंग्रजीत. बीएडला पुन्हा मराठी माध्यम. बीएची तीन वर्षं उदार मनाने धरली तरी बेरीज पाच. मॅडमनी पाचाभोवती गोल केला आणि म्हणाल्या, “म्हणजे अजून सात वर्षं शाळेत बसायला पाहिजे.”

मी त्यांचा तास मागे बसून पाहिलेला आहे. नववीच्या वर्गातल्या, घरात इंग्रजीचा शब्दही कानावर न पडणाऱ्या मुलामुलींना त्या बोलतं करतात. धडा उघडण्याआधी फळ्यावर चार चित्रं काढतात आणि दोघादोघांना मिळून गोष्ट रचायला सांगतात. चुका लगेच दुरुस्त करत नाहीत, कोपऱ्यात टिपून ठेवतात आणि तासाच्या शेवटी कुणाचं नाव न घेता फळ्यावर मांडतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. स्वतः परक्या भाषेशी झगडताना काय उपयोगी पडलं, ते त्यांनी लक्षात ठेवलं आहे. आणि कुठल्या तरी शहरातला, पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेला, आयुष्यात एकही तास न घेतलेला बीकॉम पदवीधर जपानी नियमाच्या या कलमात पंधरा वर्षं घेऊन सहज बसतो. ज्या मुलांची गणित आणि विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत, त्या आपल्या सेमी-इंग्लिशवाल्यांचा हिशोब कसा मांडायचा, हा तर निराळाच प्रश्न. जी भाषा शिकवायची ती स्वतः परकी म्हणून शिकलेला माणूस हा नियम बाहेर ठेवतो, ही त्यातली खरी खोट आहे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती कामाची आहे. बारा वर्षांची अट शाळांसाठीच्या परवान्याला आहे. खासगी संभाषण वर्गांत शिकवणाऱ्यांना वेगळ्या प्रवर्गातला परवाना मिळतो आणि तिथे भाषा शिकवण्याच्या कामाला कायद्याने विद्यापीठाची पदवी पुरते. त्या संस्था कुणाला घेतात हा पुढचा भाग. पण दार कुठलं बंद आणि कुठलं लोटलेलं, हे कळल्याशिवाय अर्ज करण्यात अर्थ नाही.

व्हिएतनामचे नियम मला सर्वांत समजूतदार वाटतात. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने भाषावर्गांसाठी २०१८ साली काढलेल्या परिपत्रकात परदेशी शिक्षकांचे वेगवेगळे गट केले आहेत. मातृभाषक असेल तर पदवी किंवा पदविका आणि भाषा शिकवण्याचं प्रमाणपत्र. मातृभाषक नसेल तर त्या भाषेतली पदवी असावी. ती नसेल तर अन्य विषयातल्या पदवीसोबत तिथल्या सहा पायऱ्यांच्या चौकटीतल्या पाचव्या पायरीचा भाषाप्रावीण्याचा दाखला आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र. ही पाचवी पायरी म्हणजे युरोपीय चौकटीतली सी-१, आयईएलटीएसच्या भाषेत ७ च्या आसपासचे गुण. म्हणजे इथे पासपोर्टमुळे अट वाढते, पण दार बंद होत नाही. तुम्हाला इंग्रजी येतं हे दाखवा आणि शिकवता येतं हे दाखवा, एवढंच मागणं. परकी भाषा शिकवणाऱ्याकडून याहून वेगळं काय मागावं?

पण नियम सरकार करतं आणि नोकरी वर्ग चालवणारा देतो. हनोईत काही वर्षं शिकवणाऱ्या कोल्हापूरच्या एका तरुणाशी फोनवर बोललो. इंग्रजीत एमए, आयईएलटीएसला ८, शिकवण्याचं चांगलं प्रमाणपत्र. तो म्हणाला, “सर, जाहिरातीत पहिल्यांदा फोटो मागतात. फोटो पाठवला की बऱ्याच ठिकाणी पुढचं बोलणंच होत नाही. जिथे डेमो तास घ्यायला बोलावतात, तिथे मात्र मला काम मिळालंय.” पगाराच्या तक्त्यात दोन रकाने असतात, मातृभाषक आणि इतर, आणि दुसऱ्या रकान्यातला आकडा लहान असतो. पालक गोरा शिक्षक मागतात, असं वर्गचालक सांगतात. पालकांना दुसरं काही दाखवलंच गेलं नाही, असं हा तरुण सांगतो. मला त्याचं पटतं, कारण त्याच्या वर्गातल्या मुलांच्या आया दुसऱ्या सत्रातही त्याचाच वर्ग मागतात.

थायलंडमध्ये शाळेत शिकवायला तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तिची तात्पुरती परवानगी लागते. शिक्षणशास्त्राची पदवी हातात असेल तर वाट सोपी होते, म्हणून आपल्या बीएडला तिथे किंमत आहे. मातृभाषक नसलेल्यांकडे टोइकसारख्या परीक्षेचे गुण मागितले जातात, आणि ९९० पैकी ६०० हा आकडा तिथे नोकरी शोधणाऱ्यांच्या तोंडी असतो. इंग्रजी मातृभाषा नसलेले हजारो फिलिपिनो शिक्षक तिथल्या शाळा चालवतात, बहुधा कमी पगारावर.

चीनकडे एके काळी मोठा ओढा होता. २०१७ साली तिथे परदेशी कामगारांची अ, ब, क अशी वर्गवारी सुरू झाली आणि भाषाशिक्षकाने शक्यतो आपल्या देशाची, आपली मातृभाषाच शिकवावी असं तत्त्व लिहिलं गेलं. सोबत पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव, जो शिक्षणशास्त्राची पदवी किंवा मान्य प्रमाणपत्र असल्यास माफ. पुढे जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर सरकारने निर्बंध आणले आणि परदेशात बसून तिथल्या मुलांना ऑनलाइन शिकवण्याचा धंदाही आटोपला. आज चीनचं स्वप्न दाखवणाऱ्या एजंटाला आधी हे दोन नियम विचारावेत.

आखातात मुळात दोन बाजारपेठा आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. एक, सीबीएसईसारख्या भारतीय मंडळांशी संलग्न शाळा. तिथे मुलं भारतीय, पालक भारतीय, आणि एमए-बीएड हीच मुख्य पात्रता. मस्कत, दुबई, दोहा इथल्या अशा शाळांत मराठी आणि गोव्याचे शिक्षक पूर्वीपासून आहेत. मस्कतमध्ये बरीच वर्षं शिकवून म्हापशाला परतलेल्या एक बाई मला म्हणाल्या, की तिथे त्यांना कुणी मातृभाषा कोणती असं कधी विचारलं नाही. विचारलं ते दहावीच्या निकालाबद्दल. दुसरी बाजारपेठ म्हणजे ब्रिटिश किंवा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळा आणि विद्यापीठांतले पूर्वतयारी वर्ग. तिथे एमएसोबत केंब्रिजचं प्रमाणपत्र आणि प्रौढांना शिकवण्याचा अनुभव मागतात. ज्याला परदेशात पाय रोवायचे आहेत आणि घरही चालवायचं आहे, त्याने पहिल्या बाजारपेठेपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकवण्याची वर्षं तिथे मोजली जातात आणि पुढे ती कामी येतात.

हे मातृभाषकाचं प्रस्थ आलं कुठून? १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर एक परिषद भरली. आदर्श शिक्षक मातृभाषकच, ही समजूत तिथून पक्की होत गेली. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ च्या ‘लिंग्विस्टिक इम्पीरियालिझम’ या पुस्तकात तिला सरळ भ्रम म्हटलं. त्याआधी १९८५ मध्ये भारतात जन्मलेले, कॅनडात स्थायिक झालेले कोशकार थॉमस पैकडे यांनी ‘द नेटिव्ह स्पीकर इज डेड!’ या नावाचं पुस्तक काढून भाषापंडितांना गोत्यात आणलं होतं. त्याच वर्षी काश्मीरहून अमेरिकेत गेलेल्या ब्रज काचरू यांनी इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली आणि भारत, नायजेरिया, सिंगापूर इथली इंग्रजी ही त्या त्या समाजाची स्वतःची भाषा आहे, असा दावा केला. इंग्रजी शिक्षकांच्या अमेरिकास्थित टीसॉल संघटनेने १९९१ मध्येच नोकरभरतीतल्या या भेदभावाविरुद्ध निवेदन काढलं. विद्वानांचा वाद जवळपास निकालात निघाला आहे. व्हिसाच्या खिडकीवर तो पोचलेला नाही.

हंगेरीचे पेटर मेद्येश यांचं ‘द नॉन-नेटिव्ह टीचर’ हे १९९४ चं पुस्तक या विषयातलं मला सर्वांत आवडतं. भाषा शिकून आलेला शिक्षक विद्यार्थ्यापुढे जितंजागतं उदाहरण असतो, कुठे ठेच लागणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, आणि अडलं तर तो विद्यार्थ्याच्या भाषेत समजावू शकतो, असं ते म्हणतात. कराडच्या मॅडमना हे तंतोतंत लागू आहे. पण हनोईतल्या कोल्हापूरकराला? त्याला व्हिएतनामी येत नव्हती. तो तिथल्या मुलांसाठी मातृभाषकही नव्हता आणि घरचाही नव्हता. परदेशी जाणाऱ्या आपल्या शिक्षकाची खरी कसोटी इथे आहे. मातृभाषकाचा मान नाही आणि स्थानिक भाषेचा आधारही नाही, म्हणजे उरतं ते शिकवण्याचं कसब. म्हणून कसब दाखवणारा कागद आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागतो. हे अन्यायाचं आहे, आणि तरीही खरं आहे.

तो कागद कोणता? केंब्रिजचं सेल्टा आणि लंडनच्या ट्रिनिटीचं सर्ट-टीसॉल ही दोन नावं जगभर चालतात. सेल्टाची किमान १२० तासांची आखणी असते, पूर्णवेळ केलं तर साधारण चार-पाच आठवडे. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, अनुभवी शिक्षकांचे सहा तास पाहावे लागतात, चार लेखी स्वाध्याय लिहावे लागतात. प्रवेशाआधी तुमची इंग्रजी सी-१ दर्जाची आहे का, हे लेखनातून आणि मुलाखतीतून तपासतात. फी लाखाच्या पुढे जाते. मराठी शिक्षकाच्या पगारात ही रक्कम कुठून आणायची, हा प्रश्न मला कुणी विचारला की माझ्याकडे सोपं उत्तर नसतं.

या चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचं मूळ १९६२ मध्ये लंडनला जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने सुरू केलेल्या प्रशिक्षणात आहे. ब्रिटा मूळच्या स्वीडनच्या. इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हती, आणि त्यांचा हातखंडा होता इंग्रजी उच्चार शिकवण्यात. आज जे प्रमाणपत्र मातृभाषकांच्या जगाचा परवाना मानलं जातं, त्याच्या पायाशी एका स्वीडिश शिक्षिकेचे कष्ट आहेत, हे माझ्या शिबिरांत मी आवर्जून सांगतो.

आपलं बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आणि त्यात २० आठवड्यांची आंतरवासिता आली. मग दोन वर्षं खर्चून चार आठवड्यांच्या कागदापुढे आपण उणे का ठरतो? मी दोन्हीकडचे तास पाहिले आहेत, म्हणून एक तुलना करतो.

बीएडचा सराव पाठ. विषय पूर्ण वर्तमानकाळ. पाठ टाचण सुबक, समास आखलेले, उद्दिष्टं क्रमाने. छात्रशिक्षिका फळ्यावर लिहिते: ‘हॅव’ किंवा ‘हॅज’, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. मग पाच वाक्यं. मग वर्गाकडे वळून, “अंडरस्टूड?” साठ मुलं एका सुरात, “येस मॅडम.” मागे बसलेले निरीक्षक शेरा लिहितात: फलकलेखन चांगले, आवाज स्पष्ट.

सेल्टाचा सराव तास. तोच विषय, समोर बारा प्रौढ. शिकवणारी खिसे चाचपते, पर्स उलटी करते, दाराकडे पाहते आणि म्हणते, ‘आय हॅव लॉस्ट माय की.’ मग नियम सांगत नाही, प्रश्न विचारते. किल्ली आत्ता माझ्याकडे आहे का? नाही. कधी हरवली हे तुम्हाला माहीत आहे का? नाही. आत्ता मी घरात जाऊ शकते का? नाही. या तीन नकारांत त्या काळाचा सगळा अर्थ आला. ‘समजलं का’ हा प्रश्न त्या वर्गात विचारलाच जात नाही, कारण त्याचं उत्तर कायम ‘हो’ असतं. तास संपल्यावर बाकीचे प्रशिक्षणार्थी आणि मार्गदर्शक गोल बसतात. पंचेचाळीस मिनिटांत तू किती मिनिटं बोललीस आणि विद्यार्थी किती बोलले, हा पहिला प्रश्न.

बीएड साठ मुलांना पाठ्यपुस्तक नेटाने पार करायला शिकवतं, आणि ते सोपं काम नाही. परदेशातला भाषावर्ग दुसरंच काही मागतो. त्याहून वाईट याचं वाटतं, की त्या पद्धतीतला मोठा वाटा आपल्याच मातीतून गेला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि परिसरातल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून त्यांनी मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे यांवरची कोडी सोडवायला दिली आणि इंग्रजी कामाच्या ओघात येऊ दिली. त्यांचं ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ हे पुस्तक १९८७ मध्ये आलं आणि कार्याधारित अध्यापनाच्या इतिहासात त्या प्रयोगाचं नाव आजही अगदी सुरुवातीला घेतलं जातं. आपल्या बीएडच्या वर्गांत प्रभूंच्या पद्धतीने एक तरी सराव पाठ सक्तीचा का असू नये, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

उच्चारांबद्दल आपले शिक्षक उगाच धास्तावतात. मराठी वळण लपवण्याची गरज नाही. अडचण बहुतेकदा आघाताची असते. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर, आपण तिन्ही सारख्याच तालात म्हणतो आणि ऐकणाऱ्याची वाट चुकते. हे दोन-तीन महिन्यांच्या सरावाने सुधारतं. उसना अमेरिकन हेल काढणाऱ्याचं इंग्रजी मात्र मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं.

स्वस्तातल्या प्रमाणपत्रांविषयी सावध करतो. टेफल हे कुठल्या संस्थेचं नाव नाही, ते या व्यवसायाचं सामान्य नाव आहे. ‘१२० तासांचं टेफल’ असं कुणीही छापू शकतं आणि शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत विकूही शकतं. घेण्याआधी एकच विचारावं: खऱ्या विद्यार्थ्यांसमोर मी किती तास शिकवणार आणि ते कोण पाहणार? उत्तर शून्य असेल तर तो कागद काही देशांत व्हिसाची चौकट भरेल, वर्गात उपयोगी पडणार नाही. आणि कुठलंही प्रमाणपत्र पदवीची जागा घेत नाही. सेल्टाला पदवीची अट नाही, पण बहुतेक देशांच्या व्हिसाला आहे.

भाषापरीक्षा निवडतानाही विचार करावा. आयईएलटीएसचे गुण सहसा दोनच वर्षं ग्राह्य धरतात. केंब्रिजच्या सी-१ आणि सी-२ परीक्षांच्या प्रमाणपत्रावर मुदत छापलेली नसते. ज्याला कधी निघायचं हे ठरलेलं नाही, त्याने दुसरी वाट धरावी.

आता कागदपत्रं. इथे महाराष्ट्रातल्या माणसाचं आणि विशेषतः बाईचं जे होतं ते लिहायलाच हवं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कधी पहिलं नावही. मग दहावीचा दाखला माहेरच्या नावाने, एमएचं प्रमाणपत्र सासरच्या, बीएडवर तिसरंच स्पेलिंग. हनोईतल्या किंवा सोलमधल्या कारकुनाला या तीन निरनिराळ्या स्त्रिया दिसतात. विवाह नोंदणी दाखला, प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद हे तिन्ही हाताशी असले की पुढचे महिने वाचतात. कराडच्या मॅडमच्या पदवीवर एक आणि पासपोर्टवर एक अशी स्पेलिंगं निघाली, आणि एका जादा ‘एच’साठी त्यांना विद्यापीठात खेटे घालावे लागले.

बऱ्याच जणांनी पदवीचं मूळ प्रमाणपत्र विद्यापीठातून कधी आणलेलंच नसतं, गुणपत्रिकेवर सगळं निभावलेलं असतं. परदेशात प्रमाणपत्रच लागतं. ते विद्यापीठाकडून पडताळून, राज्य शासनाचं साक्षांकन घेऊन, परराष्ट्र मंत्रालयाकडे जातं. परदेशी कागदपत्रांच्या साक्षांकनाबाबतचा हेग करार भारताला १४ जुलै २००५ पासून लागू आहे, त्यामुळे जपान, कोरिया, ओमान, सौदी अरेबिया यांच्यासाठी मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो. चीनही ७ नोव्हेंबर २०२३ पासून त्यात आला, पण भारतीय कागदांना तिथे अपोस्टिल चालतो असं गृहीत धरू नये. संयुक्त अरब अमिरातीसाठी पुढे दूतावासाचं साक्षांकन वेगळं. पत्रद्वारा घेतलेली पदवी अनेक ठिकाणी नाकारली जाते, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं. आणि मूळ कागद कुठल्याही एजंटाच्या कपाटात राहू देऊ नयेत.

कराडच्या मॅडमनी जपानचा नाद सोडला आहे. इंग्रजीतली एमए असल्यामुळे व्हिएतनामच्या नियमात त्या बसतात. तरी केंब्रिजची सी-२ परीक्षा देऊन त्या उत्तीर्ण झाल्या, कारण मुलाखतीत तो कागद बोलतो असं त्यांना कळलं. सेल्टासाठी पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं आहे, मे महिन्याची सुट्टी त्यासाठी राखली आहे. पोलिसांचा दाखला आधी काढून ठेवू का, असं त्यांनी मागच्या आठवड्यात विचारलं. मी नको म्हटलं. तो साधारण सहा महिनेच चालतो. आधी प्रमाणपत्र, मग नोकरीचं पत्र, मग पदवीचं साक्षांकन, आणि तो दाखला सर्वांत शेवटी.